दरडोई

मी एक कानाचं मशीन आहे. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलं, त्यामुळे स्वतः बोलायची मला सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

हल्ली कानामागे लपून बसणारी मशिनं निघाली आहेत म्हणतात. मी त्यांच्या आधीच्या पिढीतला. सिगारेटच्या पाकिटाएवढी पत्र्याची डबी, तोंडावर जाळी, बाजूला आवाज लहानमोठा करायची चक्री आणि डबीतून निघालेली वायर. वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंडूक. डबी सदऱ्याच्या खिशात ठेवायची. माझ्या जातीला लपता येत नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. ज्या बाईने चिमट्याने माझी जाळी बसवली तिला खोकला होता. जगात मी ऐकलेला पहिला आवाज तो. मग खोक्यात, मग जहाजावर, आणि एका खानसाम्याच्या पेटीतून मी सेंट ओरेल बेटावर उतरलो. तिथे ऑर्जिन पेल्तिए नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने मला विकत घेतलं, आपल्या धाकट्या भावासाठी. भाऊ म्हणजे थिओफिलस पेल्तिए, सेंट ओरेलचा पंतप्रधान. सगळं बेट त्याला पापा थिओ म्हणायचं.

थिओने तरुणपणी अकरा वर्षं केळी वाहणाऱ्या जहाजांच्या इंजिनघरात काढली होती. इंजिनाने त्याचे कान खाल्ले. पुढे तो गोदीकामगारांचा पुढारी झाला, बेट स्वतंत्र झाल्यावर पंतप्रधान झाला, पण ऐकू येईना ते येईनाच. एकदा भर सभेत एका म्हातारीने विचारलं, "पापा, आमच्या टेकडीवर नळ कधी येणार?" थिओने टोपी काढली, वाकला आणि म्हणाला, "अभिनंदन बाई. सुखाने संसार करा." सभा हसून लोळली. म्हातारी दोन दिवस रुसली.

"पुरे झालं आता," ऑर्जिन त्याला ओरडून म्हणाली. "देश चालवतोस आणि देशाचं ऐकू येत नाही तुला. लोक माझ्या दुकानात येऊन तुझी नक्कल करतात."

तिने मला त्याच्या खिशात ठेवलं, बोंडूक कानात बसवलं आणि चक्री फिरवली. तिच्याच स्वयंपाकघरात. थिओ दचकला.

"हे चर्र चर्र काय वाजतंय?"

"नीरफणस तळतेय, दुसरं काय! आणि हा आवाज नवा नाही रे. तीस वर्षं तळतेय मी."

थिओ कितीतरी वेळ त्या तव्यापाशी उभा राहिला. शेवटी ऑर्जिननेच त्याला बाजूला ढकललं.

आमचे दिवस चांगले गेले. माझी निगा राखायची ती नोएलीन, ऑर्जिनची एकुलती मुलगी. तिचा बाप मासेमारीला गेला तो परतलाच नाही, तेव्हा ती दोन वर्षांची होती. आई आणि मामा, दोघांनी मिळून तिला वाढवलं. आता ती मामाच्या कचेरीत टायपिस्ट होती. दर सोमवारी ती माझा सेल बदलायची, बोंडूक कोमट पाण्यात धुवायची, जाळीतली धूळ मऊ कुंचल्याने काढायची. मामाच्या प्रत्येक सदऱ्याला तिने माझ्यासाठी आतून जाड कापडाचा वेगळा खिसा शिवला होता, कारण कापड घासलं की माझ्यात खरखर व्हायची.

तिचा नवरा बोनिफास थिओची गाडी चालवायचा. तो बोलघेवडा. गाडी चालू झाली की त्याचं तोंड चालू. कोणाची गाय कोणाच्या मळ्यात शिरली, कोणाच्या बायकोने कोणाला झाडूने मारलं, विरोधी पक्षाचा उमेदवार चर्चमध्ये कसा घोरतो. थिओ संसदेत विरोधकांच्या भाषणात खुशाल माझी चक्री बंद करायचा, पण बोनिफासच्या बडबडीत कधी केली नाही.

माणसांची एक गंमत मी पाहिली. बहिऱ्या माणसाशी ती ओरडून बोलतात खोटं, आणि पुटपुटून बोलतात खरं. त्यांना वाटतं, पुटपुटलेलं पोचत नाही. माझ्यामुळे थिओला पुटपुटलेलंही पोचायला लागलं. मला वाटतं, त्यानंतरच तो चांगला पंतप्रधान झाला.

मग वादळ आलं.

दुपारी दोन वाजता आलं आणि अंधार पडायच्या आत बेट मोडून गेलं. त्या वेळी थिओ रेडिओ केंद्रावर होता, लोकांना शाळांमध्ये जा, चर्चमध्ये जा म्हणून सांगत होता. ऑर्जिन शिवणाचं मशीन भिजेल म्हणून दुकानात थांबली. दुकानावर वरचा अख्खा मजला बसला.

दुसऱ्या सकाळी लोक ढिगारा उपसत होते. थिओने सगळ्यांना हात वर करून थांबवलं. "गप्प राहा. एकदम गप्प." मग त्याने मला खिशातून काढलं, गुडघ्यांवर बसला, मला विटांच्या फटीत धरलं आणि चक्री शेवटपर्यंत फिरवली.

मी एवढं कान देऊन कधीच ऐकलं नव्हतं. खाली पाणी ठिबकत होतं. कुठेतरी पत्रा हलत होता. एक कोंबडी जिवंत होती. बस, तेवढंच. मी ऐकत राहिलो, तोही ऐकत राहिला. मागे नोएलीन उभी होती. शेवटी बोनिफासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे तो उठला.

त्या वादळात सेंट ओरेलची तीनशे बारा माणसं गेली. दवाखान्याचं छप्पर उडालं. केळीचं एकही झाड उभं राहिलं नाही. पुढच्या वर्षभरात चार हजार लोक बेट सोडून पोट भरायला परदेशी गेले. त्यांच्यातच दवाखान्याचा एकमेव सर्जनही गेला. राहिला एक म्हातारा डॉक्टर, चार नर्सेस आणि ताडपत्री.

आमच्या भागातल्या तेरा बेटांचा मिळून एक द्वीपसंघ होता. थिओ त्याच्या संस्थापकांपैकी एक. संघाची एक रुग्णबोट होती, पांढरी, आत सर्जन आणि शस्त्रक्रियेचं टेबल. वादळानंतर ती आमच्याच धक्क्याला ठेवली होती. म्हणून छप्पर नसलेल्या दवाखान्यातही लोक धीराने आजारी पडत होते.

दीड वर्षाने संघाचं पत्र आलं. वर्गणीचं बिल.

नोएलीनने ते मोठ्याने वाचलं. पहिल्या वाचनात तिला वाटलं टायपिंगची चूक आहे. वर्गणी जवळजवळ तिप्पट झाली होती, शिवाय मागच्या वर्षाचा फरकही भरायचा होता. "आपल्या राष्ट्राचे दरडोई उत्पन्न समाधानकारकरीत्या वाढल्यामुळे," तिने वाचलं, "आपला समावेश संपन्न सदस्यांच्या वर्गात करण्यात येत आहे."

"पुन्हा वाच," थिओ म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं.

"पापा," बोनिफास दारातून म्हणाला, "आणखी एक वादळ येऊ द्या. आपण थेट अमेरिका होतो."

थिओने सोबतचा तक्ता मागून घेतला. त्याला शाळा फारशी झाली नव्हती, पण इंजिनघरात त्याने तेलाचे हिशेब ठेवले होते. तो बोट फिरवत गेला आणि मला त्याचा श्वास बदललेला कळला.

"हे बघ. वरच्या आकड्यात यांनी मदतीचे पैसे धरलेत. जगाने आपल्याला ताडपत्र्या आणि तांदूळ दिले, ते आपलं उत्पन्न. आणि खालचा आकडा माणसांचा. भाग कितीने द्यायचा, तर डोकी किती त्याने. डोकी कमी झाली. जे गेले ते वजा."

"कुठे गेले ते?" नोएलीनने विचारलं.

"परदेशी गेले ते. आणि दुसरे... जे गेले ते."

खोलीत पंखा फिरत होता. नोएलीन खूप हळू बोलली. पुटपुटलीच. "म्हणजे आई मेली म्हणून आपण श्रीमंत झालो?"

थिओने तिला टाइपरायटरशी बसवलं आणि पत्र सांगायला सुरुवात केली. आम्ही हे बिल मान्य करत नाही. आमच्या मेलेल्यांचा भागाकार आम्हाला मान्य नाही. पैसे नव्हते असं नव्हे. दवाखान्याच्या छपरासाठी आणि नवा सर्जन आणण्यासाठी जेवढे बाजूला ठेवले होते, साधारण तेवढंच ते बिल होतं.

संघाचं उत्तर आलं : आधी भरा, तक्रार मग करा. साठ दिवसांत न भरल्यास मताचा अधिकार आणि सर्व सेवा स्थगित.

थिओ संघाच्या बैठकीला स्वतः गेला. नोएलीनने त्याचा एकुलता कोट इस्त्री केला, मला नवा सेल घातला आणि दोन सेल कागदात गुंडाळून दिले. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. बोनिफास भेटेल त्याला सांगत सुटला होता, अगदी पोस्टाच्या पेटीलाही.

"मामा, त्यांच्यापुढे नमू नकोस," ती म्हणाली. "आईचं नाव घे तिथे."

बैठकीच्या दालनात गार हवा सोडणारी यंत्रं होती, त्यांची घरघर माझ्या जाळीत भरून राहिली. आमच्या शेजारी एका मोठ्या बेटाचे पंतप्रधान बसले होते. ते आपल्या सचिवाला म्हणाले, "याला पैसे भरा म्हटलेलं ऐकू येणार नाही, बघ." पुटपुटून म्हणाले.

"ऐकू आलं," थिओ म्हणाला, "आणि तुमच्या पोटात गुरगुरतंय तेही येतंय. जेवून घ्या, माझं भाषण लांब आहे."

दालन हसलं. पण भाषण लांब झालं नाही. थिओ उभा राहिला, तक्ता वर धरला.

"मी इंजिनातला माणूस आहे. मला एवढंच कळतं की घरात दहा माणसं आणि दहा भाकऱ्या असल्या, तर प्रत्येकी एक. घरातली दोन माणसं मेली तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येते. तुम्ही आमच्या दारात येऊन म्हणताय, वा, तुमचं बरं चाललंय, आता आम्हाला जास्त द्या. या खालच्या आकड्यात तीनशे बारा कमी आहेत. त्यातली एक माझी बहीण. ऑर्जिन. ती शिवणकाम करायची. आज मी घातलेला हा कोट तिने शिवलेला आहे. तिला तुम्ही माझ्या उत्पन्नात धरलंय. मी तिचे पैसे भरणार नाही."

मग हिशेबनीस उठला आणि म्हणाला की सूत्र सर्व सदस्यांना सारखंच लागू आहे. मतदान झालं. थिओच्या बाजूने तीन हात, विरुद्ध नऊ. एक हात अर्धवट वर जाऊन खाली आला.

बैठकीनंतर संघाची सरचिटणीस त्याला गाठायला आली. व्हर्लीन क्वाशी. अठरा वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या व्हरांड्यात बसून या दोघांनी संघाची घटना लिहिली होती. ती थिओशी कधीच ओरडून बोलायची नाही. खिशाजवळ तोंड नेऊन हळू बोलायची.

"थिओ, भर रे. 'निषेधासह' असं लिहून भर. पुढच्या वर्षी मी सूत्र बदलून घेते, शपथ."

"एकदा भरले की कबूल केल्यासारखं झालं, व्हर्लीन. उद्या तुमच्यातल्या कोणावर वादळ येईल. त्यांचीही माणसं तुम्ही अशीच मोजाल."

"तुझं बरोबर आहे. मला माहीत आहे तुझं बरोबर आहे. पण तू भरले नाहीस तर बोट परत बोलवावी लागेल मला. नियम आपणच लिहिलाय, तू आणि मी."

मी खिशात होतो. त्याचा श्वास आत गेला आणि तिथेच अडकून राहिला.

"किती दिवस ताणतील ते?"

"दोन महिने. तीन. मग लाजेनेच झुकतील."

"बोलव मग बोट," थिओ म्हणाला.

हे मी ऐकलं आहे. लोक पुढे म्हणाले, त्याला कल्पना नव्हती, त्याला अंधारात ठेवलं. तसं नाही. त्याला विचारलं गेलं होतं आणि तो हो म्हणाला होता. माझं काम ऐकण्याचं, तेव्हा जे ऐकलं ते सांगतो.

बेटावर परतलो तर धक्क्यावर ढोल वाजत होते. बायकांनी केळीची पानं हलवली. "पापा थिओने त्यांना पाणी पाजलं!" नोएलीन गर्दीतून पोट सांभाळत पुढे आली आणि तिने मामाला मिठी मारली. मी दोघांच्या मधे दाबला गेलो आणि कुईं करून शिट्टी वाजवली. ती हसली, रडली.

बोनिफासने गाडीत पहिल्यांदाच एक मिनिट गप्प बसून दाखवलं. मग म्हणाला, "पापा, बोटीचं काय?"

"जाईल काही दिवस. दोन महिन्यांत ते झुकतील."

"दोन महिने." बोनिफासने बोटांवर काहीतरी मोजलं असावं, कारण गाडी जराशी वाकडी गेली. "होईल ना तोवर? होईल."

पांढरी बोट निघाली तेव्हा तिने तीनदा भोंगा दिला. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवून उभं राहायचं ठरवलं होतं. उभे राहिले. थिओही पाठ फिरवून उभा राहिला. भोंगा माझ्यातून त्याच्या कानात गेला आणि त्याने चक्री कमी केली.

दोन महिने गेले. संघातून काही आलं नाही. तिसरा महिना लागला. थिओने व्हर्लीनला फोन केला. फोनवर तो रिसीव्हर कानाला धरत नसे, छातीवरच्या खिशाला लावायचा. म्हणून तिचं बोलणं मी आधी ऐकायचो.

"समिती नेमली आहे," ती म्हणाली. "हिशेब पुन्हा तपासतायत. आता झालंच, थिओ. थोडा धीर धर."

तो मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास बोनिफास कचेरीत धावत आला. नोएलीनला कळा सुरू झाल्या होत्या, तीन आठवडे आधी. दवाखान्यात पोचलो तेव्हा ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. नर्स दारातच भेटली आणि नेहमीप्रमाणे थिओशी ओरडून बोलायची विसरली. "मूल आडवं आहे, पापा. हात आधी आलाय. डॉक्टरसाहेबांनी वळवायचा प्रयत्न केला. पोट फाडल्याशिवाय जमणार नाही आणि त्यांचे हात आता तसे राहिले नाहीत."

थिओ दवाखान्याच्या फोनकडे गेला. रिसीव्हर खिशावर धरला आणि ओरडला. एवढं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"व्हर्लीन! बोट पाठव. मी भरतो. सगळं भरतो. मागचा फरक भरतो. काय लिहून हवंय ते लिहून देतो. नोएलीन आहे, व्हर्लीन. आमची नोएलीन."

पलीकडे ती क्षणभरही थांबली नाही. "बिलाचं नाव काढू नकोस. बोट सोडते, आत्ता. ऐकतोयस? आत्ता. पण ती दक्षिणेच्या टोकाला आहे, थिओ. सात तास लागतील."

सात तास. धक्क्याला असती तर दवाखान्यापासून चालत तीन मिनिटं.

त्याला आत जाऊ दिलं. नोएलीनचा आवाज ओळखू येत नव्हता. बोनिफास तिच्या उशाशी बसून बोलत होता, बडबडत होता. गाय, मळा, झाडू, सगळं पुन्हा सांगत होता, कारण ती म्हणाली होती, बोलत राहा.

"मामा," ती म्हणाली.

"आहे गं. इथेच आहे."

"मामा, कर ना रे सही. भरून टाक ना. मला... मला जगायचंय."

"केली गं बाळ. केली. बोट निघाली आहे. सगळं भरलं मी."

"रागावली असेल आई?"

"नाही गं. आई कशाला रागवेल."

दुपारी तिने एकदाच विचारलं, "भोंगा वाजला का?" थिओने चक्री शेवटपर्यंत फिरवली. बाहेर ताडपत्री, समुद्र, कोणाची तरी मोटरसायकल. मी ऐकलं. भोंगा नव्हता. "वाजेल आता," थिओ म्हणाला.

बोट पाच वाजता आली. सर्जन बोटीवरून उडी मारूनच उतरला असावा. त्यांनी नोएलीनला झोळीत घालून धक्क्यावरून आत नेलं. थिओ आणि बोनिफास धक्क्यावर उभे राहिले. मग बोटीच्या आतून एका बाळाचा आवाज आला, बारीक, चिडलेला. बोनिफासने थिओचा दंड धरला. दोघेही वाट पाहत राहिले. मीही वाट पाहत राहिलो. दुसरा आवाज आला नाही. थोड्या वेळाने सर्जनची पावलं आली, फळ्यांवरून, सावकाश.

मुलगी वाचली. नोएलीनचं रक्त फार गेलं होतं. सर्जन म्हणाला, दुपारी आलो असतो तरी जमलं असतं.

त्यानंतर गाडीत कोणी बोलत नसे. बोनिफास वेळेवर यायचा, दार उघडायचा, गाडी चालवायचा, दार लावायचा. मला इंजिन ऐकू यायचं, गिअर ऐकू यायचा, खडीवरची चाकं ऐकू यायची. थिओ मधूनमधून चक्री वाढवायचा. बिघाड माझ्यात नव्हता.

पाचव्या आठवड्यात संघाचं पत्र आलं. ते वाचायला आता कचेरीत कोणी नव्हतं. टाइपरायटरवर कापड घातलेलं होतं. थिओने पाकीट फोडलं, थोडा वेळ हातात धरलं आणि बोनिफासला आत बोलावलं. चष्मा घरी राहिलाय, असं म्हणाला. चष्मा खिशातच होता, माझ्या शेजारी.

बोनिफास एकेक शब्द सुटा करून वाचत गेला. समितीने सेंट ओरेलचा आक्षेप ग्राह्य धरला होता. मदत उत्पन्नात धरणं चूक होतं. आपत्तीत मृत झालेल्यांना आणि स्थलांतरितांना लोकसंख्येतून वगळून वर्गणी वाढवणं अन्यायाचं होतं. बिल रद्द. सूत्र सर्व तेरा बेटांसाठी बदललं. रुग्णबोट पुन्हा सेंट ओरेलच्या धक्क्याला. शेवटी शाईने, हाताने लिहिलेली एक ओळ होती : "थिओ, मला क्षमा कर. व्हर्लीन."

बाहेर लोकांना बातमी कळली असावी. रस्त्यावर कोणीतरी ढोल काढला. "जिंकलो! पापा थिओ जिंकले!"

बोनिफासने पत्राची नीट घडी घातली. टेबलावर ठेवली. मग इतक्या दिवसांनी तो बोलला.

"तुमचं बरोबर होतं, पापा."

थिओने घडी घातलेलं पत्र स्वतःकडे ओढलं.

"सगळं बरोबर होतं. ती पण म्हणायची, मामाचं बरोबर आहे. मी रोज शोधतो, तुमचं कुठे चुकलं. सापडत नाही. एखादी चूक केली असतीत ना, तर मला तुमच्यावर ओरडता तरी आलं असतं."

बोनिफास दाराबाहेर गेला. थिओ बसून राहिला. रस्त्यावरचा ढोल जवळ आला. मग त्याचं बोट माझ्या चक्रीवर आलं. मला वाटलं, लोकांचं ऐकायला वाढवतोय. त्याने ती मागे फिरवली, टक् होईपर्यंत. त्यानंतर मी काही ऐकलेलं नाही.

त्याने पंतप्रधानपद सोडलं. मला वायर गुंडाळून घरातल्या खिडकीत, शिंपल्यांच्या बशीत ठेवलं. सेल माझ्या पोटात तसाच राहिला, तो आता फुटून हिरवा झाला आहे. बोंडकाला चीर गेली आहे. इतकी वर्षं मी खिशात राहून ऐकत आलो. आता मला दिसतं, ऐकू येत नाही.

दिसतं ते सांगतो. थिओ खूप वाकलाय. दिवसभर अंगणात बसून मासे धरायचे बांबूचे सापळे विणतो. शाळा सुटली की बोनिफास एका मुलीला फाटकापाशी सोडतो. तो आत येत नाही. गाडीतच बसून राहतो. पण तिला आणतो, रोज आणतो. ती सात वर्षांची आहे. नाव मेलीझ, ते मी बंद पडायच्या आधी ऐकलेलं. दप्तर फेकते, म्हाताऱ्याच्या समोर उकिडवी बसते आणि बोलायला लागते. हातवारे करते, डोळे मोठे करते, उठून कोणाची तरी नक्कल करून दाखवते, पुन्हा बसते. बापावर गेली आहे. तासभर तिचे ओठ थांबत नाहीत. थिओ तिच्याकडे बघत मान हलवतो. चुकीच्या जागी हलवतो, ते तिला कळतं, तरी ती बोलत राहते.

मधे एकदा तिने मला बशीतून उचललं होतं. वायर उलगडून बघितली, बोंडूक स्वतःच्या कानाला लावलं. मग त्याच्याकडे धरलं आणि काहीतरी विचारलं. थिओने मला तिच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि परत बशीत ठेवलं.

त्या घरात तुमच्यापैकी कोणी गेलं, तर माझं एक मागणं आहे. मला साफ करा. जुना सेल काढा, नवा घाला, बाजारात मिळत असेल अजून. म्हाताऱ्याला विचारू नका, तो नको म्हणेल. मला त्याच्या खिशात ठेवा आणि चक्री त्या मुलीच्या हाती द्या.

ती रोज तासभर काय सांगते, हे मला ठाऊक नाही. त्यालाही नाही. कोणीतरी ते ऐकायला हवं.